संभाजीनगरात सोमवार आणि मंगळवार हाती आहेत: काय पाहावे, काय खावे?

प्रश्न: गोदाकाठ (नांदेड)

जानेवारीच्या अखेरीस एका लग्नानिमित्त आम्ही छत्रपती संभाजीनगरला येत आहोत. लग्न रविवारी आहे आणि परतीची गाडी मंगळवारी रात्रीची आहे. सोबत आई आहे. तिचे गुडघे दुखतात, ती माळकरी आहे, आणि पैठणला नाथांच्या समाधीचे दर्शन घडावे ही तिची फार दिवसांची इच्छा आहे. मुलगी चित्रकला शिकते, तिला अजिंठा आणि वेरूळ दोन्ही पाहायचे आहेत. मला शहर पाहायचे आहे आणि नान-खलिया खायचा आहे. हे सगळे दोन दिवसांत बसेल का, आणि बसत नसेल तर काय सोडावे?

उत्तर: वेरूळवाट

आधी वार पाहा. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी, त्यामुळे तुमचा सोमवार आपोआपच वेरूळचा ठरतो. शहरापासून अंतर साधारण ३० किलोमीटर आहे. वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो, पण खंदक, अंधारी आणि बारादरीपर्यंतच्या पायऱ्या धडधाकट माणसाचाही अर्धा दिवस घेतात. आई सोबत असताना तो रस्त्यावरूनच पाहावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

सकाळी लवकर निघून प्रथम घृष्णेश्वराचे दर्शन घ्या. सोमवार असल्याने गर्दी असेल, म्हणूनच उशीर करू नका. पुरुषांना गाभाऱ्यात अंगातला सदरा काढून जावे लागते, हेही ध्यानात ठेवा. सध्याचे मंदिर अहिल्यादेवी होळकरांच्या जीर्णोद्धाराचे आहे. लेणी तिथून अगदी जवळ आहेत, आणि ती पश्चिमेकडे तोंड करून असल्याने दुपार उतरू लागली की दर्शनी भागावर चांगला उजेड पडतो.

चौतीसच्या चौतीस लेणी पाहण्याचा हट्ट धरू नका. १६ क्रमांकाच्या कैलास लेण्याला निदान दोन तास द्या. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हे मंदिर डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणले, म्हणजे शिखर आधी घडले आणि अंगण सर्वांत शेवटी मोकळे झाले. आईंना अंगणात निवांत बसता येईल, आणि मुलीने तोवर दक्षिण बाजूचा रामायणपट, उत्तर बाजूचा महाभारतपट आणि कैलास हलवणारा रावण यांची रेखाटने करावीत. वेळ उरला तर १० क्रमांकाचे विश्वकर्मा लेणे पाहा, त्याच्या छतावर दगडात कोरलेल्या लाकडी तुळया आहेत. जैन लेणी थोडी दूर आहेत, तिकडे वाहनानेच जावे.

उत्तर: गुलमंडीचा रहिवासी

खाण्याबद्दल लिहितो, कारण त्याबाबतीत बाहेरून आलेले लोक हॉटेलच्या पंजाबी भाज्यांवर परत जातात आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते. नान-खलिया हे शहराच्या जुन्या भागातले जेवण आहे: भट्टीतली मोठी, पिवळसर सोनेरी नान आणि मसालेदार रश्श्यातले मटण. महंमद तुघलकाने राजधानी देवगिरीला आणली तेव्हा त्याच्या फौजेबरोबर हा पदार्थ इकडे आला, असे परंपरेने सांगतात. तुम्ही आणि मुलगी रविवारी रात्रीच तो खाऊन घ्या, म्हणजे पुढचे दोन दिवस आईंच्या पानाला धरून जेवता येईल.

आईंसाठी साधी खानावळ पाहा, जिथे ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा आणि येसराची आमटी मिळते. शिवाय हे दिवस हुरड्याचे आहेत. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेली कोवळी कणसे हातावर चोळून निघालेला गरम हुरडा, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही आणि गूळ. शेतावर असा बेत मिळाला तर त्या दिवशी दुसरे जेवण शोधूच नका. गोडासाठी गुलमंडीवर इमरती खा, आणि ती गरम असतानाच खा.

उत्तर: पद्मपाणी

मंगळवारी अजिंठा वगळू नये, अशी माझी विनंती आहे. चित्रकलेच्या विद्यार्थिनीने १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांतील चित्रे प्रत्यक्ष पाहणे ही वेगळीच शिकवण आहे. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या चेहऱ्यावरची छटा छापील पुस्तकात उतरत नाही. अंतर साधारण १०० किलोमीटर आहे. पहाटे निघाल्यास रात्रीची गाडी सहज मिळते. खासगी वाहन फर्दापूर फाट्यावर ठेवून पुढे महामंडळाच्या बसने जावे लागते. पण पायऱ्या आहेत, म्हणून आईंना नेऊ नका. पैठण नेमके उलट्या दिशेला, ५० किलोमीटरवर आहे, तेव्हा मंगळवारी दोन वाटा कराव्यात.

गोदाकाठ

मनःपूर्वक आभार. मुलगी तिच्या मामासोबत अजिंठ्याला जाईल आणि मी आईला घेऊन पैठणला जाईन. दुपारपर्यंत परतलो तर आईला न दमवता शहरातले एकच ठिकाण पाहायचे झाल्यास पाणचक्की निवडावी की बीबी का मकबरा?

उत्तर: गुलमंडीचा रहिवासी

मकबरा निवडा. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही कबर आहे. घुमट संगमरवरी आहे, बाकी बरेचसे काम गिलाव्याचे आहे, आणि उतरत्या उन्हात हा फरक नजरेला स्पष्ट कळतो. समोरची बाग सपाट आहे, आईंना सावकाश चालता येईल. पैठणला मात्र आधी समाधीचे दर्शन घ्या आणि पैठणीचे माग नंतर पाहा, कारण मागावरचे विणकाम पाहायला बसले की वेळेचे भान राहत नाही.