विमानातल्या फिल्टरचं कौतुक पुरे, खालच्या बसचं बोला

बेल्ट_नंबर_पाच (२६ नोव्हेंबर २०२०)
दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोव्याहून विमानाने महाराष्ट्रात येणाऱ्यांना कालपासून ७२ तासांतला कोरोनाचा आरटीपीसीआर (नाकात काडी घालून करतात त्या चाचणीचा) रिपोर्ट लागतोय. त्यावर इथे 'नित्यप्रवासी' यांनी लिहिलंय की विमानातली हवा दर दोन-तीन मिनिटांनी बदलते, हेपा फिल्टर (हवेतले अतिसूक्ष्म कण अडवणारे) असतात, तेव्हा ही अडवणूक उठवा नाहीतर अर्थव्यवस्था बुडेल. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी मुंबई विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये आहे. विमानं चालावीत असं मला वाटत नसेल तर कुणाला वाटेल? उन्हाळा अर्ध्या पगारावर काढला. बरोबरच्या कितीतरी मुलींची कॉन्ट्रॅक्टं संपली ती संपलीच. पण चाकं टेकली की निम्मं विमान पॅसेजमध्ये उभं राहतं. रांगेनुसार उतरा, ही घोषणा कुणी ऐकत नाही. विमान इमारतीपासून लांबच्या बेला, म्हणजे उभं करायच्या जागेला, लागलं असेल तर पुढे बस. तिच्यात खांद्याला खांदा, मास्क हनुवटीवर, फोन कानाला, "हां, उतरलो, गाडी पाठव." तिथे कुठला हेपा? मधल्या सीटवाल्याला संसर्ग टाळायला दिलेला गाऊन एरोब्रिजच्या (विमानातून इमारतीत नेणाऱ्या पुलाच्या) तोंडाशी काढून टाकतात आणि साधा मास्क लावलेली हाऊसकीपिंगची बाई तो उचलते. दिल्लीत याच महिन्यात एका दिवसात आठ हजारांवर रुग्ण निघाले. चाचणी राहू द्या, विमानंही राहू द्या.

नित्यप्रवासी
ताई, तुमच्या नोकरीबद्दल आदर आहे, पण तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. दोष बसचा असेल तर बस सुधारा, माझ्या नाकात काडी कशाला? ७२ तासांपूर्वीचा रिपोर्ट घेऊन माणूस मधले दोन दिवस लग्नात जेवून आला तर? मे महिन्यातही राज्य सरकार विमानांना तयार नव्हतं. शेवटी मुंबईला रोज २५ उड्डाणं आणि २५ लँडिंग एवढ्यावर आलं. आभाळ कोसळलं का? अजूनही ७० टक्केच परवानगी आहे.

बेल्ट_नंबर_पाच
ते ७० टक्के फेऱ्यांचे आहेत हो, सीटचे नाहीत. मधली सीट हायकोर्टाने जूनमध्येच भरू दिली. जे विमान उडतं ते भरूनच उडू शकतं.

पेडण्याचा_टॅक्सीवाला
तुमची चाचणी तुमच्याकडे ठेवा. गोव्याने सप्टेंबरपासून सगळ्यांना येऊ दिलंय. आंतरराष्ट्रीय विमानं मार्चपासून बंद, त्यामुळे रशियन आणि ब्रिटिश पर्यटकांची चार्टर (खास भाड्याची) विमानं नाहीत. उरली होती मुंबई-पुण्याची शनिवार-रविवारची गिऱ्हाइकं. परतीला रिपोर्ट लागणार म्हटल्यावर काल दोघांनी फोन करून बुकिंग मोडलं. हप्ता कोण भरणार? रस्त्याने गेलात तर महाराष्ट्राच्या सीमेवर बांद्याला ताप बघून सोडतात. विमानाने जाणाऱ्याचाच विषाणू तेवढा वाईट?

विरार_स्लो
विमान, गोवा, हेपा! धन्य आहे. मे महिन्यापासून विमान सुरू आणि नोव्हेंबर संपत आला तरी आमच्यासारख्या साध्या माणसाला लोकल बंद. मी अंधेरीत हिशेबनीस आहे. रोज बस बदलत जातो, जाण्यायेण्यात पाच-सहा तास जातात, तेही उभ्याने. अर्थव्यवस्था म्हणजे दहा हजारांचं तिकीट काढणाराच का?

नित्यप्रवासी
लोकलचा इथे काय संबंध? लोकलमधून दिवसाला ऐंशी लाख माणसं जायची. विमानाशी तुलनाच नाही.

विरार_स्लो
संबंध नाही कसा? त्या विमानात सामान चढवणारा लोडर नालासोपाऱ्यात राहतो. अत्यावश्यक म्हणून त्याला लोकलचा पास मिळतो, त्याच्या भावाला नाही. दोघं एकाच खोलीत झोपतात. सांगा, संसर्ग कुठे अडला?

डोंबिवलीची_सुनबाई
बायकांना मिळाली ना लोकल, असं आता म्हणू नका. अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर. माझी शिफ्ट नऊची. अकराला पोचले तर अर्धा दिवस कापतात.

विरार_स्लो
वहिनी, निदान तुम्हाला वेळ तरी दिलीय. आम्हाला तीही नाही.

डोंबिवलीची_सुनबाई
मग आता आपण एकमेकांतच भांडायचं का? ज्यांनी वेळ ठरवली त्यांना विचारा.

क्रेडिट_शेल_त्रस्त
सगळ्यांचं ऐकलं, आता माझं ऐका. आईच्या ऑपरेशनसाठी काढलेली तिकिटं लॉकडाऊनमध्ये रद्द झाली. तिकिटाचे पैसे परत करण्याबद्दल सुप्रीम कोर्टाचा आदेश १ ऑक्टोबरला आला, तरी कंपनी पैसे द्यायला तयार नाही, क्रेडिट शेल घ्या म्हणते, म्हणजे पैसे त्यांच्याकडेच जमा, पुढच्या तिकिटाला वापरा. आमचे पैसे अडकवून कोणाची अर्थव्यवस्था वाचवताय?

बेल्ट_नंबर_पाच
तुमचं दुखणं खरं आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी येते. मुद्द्यावर या. मार्चच्या सुरुवातीला लंडन-हनोई विमानात बिझनेस क्लासमधल्या एका बाईपासून पंधराजणांना लागण झाल्याचं संशोधकांनी मांडलंय. फिल्टर त्या विमानातही असणारच.

नित्यप्रवासी
तेव्हा मास्कची सक्ती नव्हती. अर्धीच गोष्ट सांगू नका.

बेल्ट_नंबर_पाच
नव्हती, मान्य. म्हणजे बचाव मास्कने होतो, आणि तुमचे सहप्रवासी तो हनुवटीवर ठेवतात. आता तरी बोला.

नित्यप्रवासी
बरं. बसबद्दल आणि मास्कबद्दल तुमचं बरोबर, एवढं मान्य करतो. पण चाचणी स्वखर्चाने का? राज्याने दर ९८० ते १,८०० रुपये ठरवलेत. चौघांचं कुटुंब दिल्लीहून रिपोर्टशिवाय उतरलं की विमानतळावर हजारोंचा फटका. तो नोकरी गेलेला माणूस असू शकतो.

पेडण्याचा_टॅक्सीवाला
हेच म्हणतोय मी केव्हापासून. चाचणी पाहिजे तर सरकारने पैसे भरावेत.

बेल्ट_नंबर_पाच
भरावेत, माझी हरकत नाही. आणि बसमध्ये निम्मेच प्रवासी घ्या, दोन फेऱ्या मारा. आमच्याकडे ड्रायव्हर घरी बसवलेत, त्यांना परत बोलवा.

विरार_स्लो
विमानाच्या बसला दोन फेऱ्या. आमच्या बसचं काय?