मदत हवी आहे: 'पिन'चा व्हीओटी इतका कमी का येतोय?

घोडबंदरकर: एम.ए.चा प्रकल्प सोमवारी द्यायचाय. पिन, टिन, किन आणि बिन, डिन हे इंग्रजी शब्द वाचून घेतले आणि प्राट या आवाज मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजले. पिनचा व्हीओटी (ओठ सुटल्यापासून कंठ थरथरेपर्यंतचा वेळ) १५ मिलिसेकंद येतोय, पुस्तकात ६०च्या आसपास दिलाय. बिनचा तर चक्क उणे ८०. मार्गदर्शक म्हणतात मोजणी चुकली. कुठे चुकली, प्लीज लवकर सांगा.

नेरुळवासी: वाचलं कोणी? रेकॉर्डिंग कशावर केलं?

घोडबंदरकर: वर्गातलेच सगळे, ठाण्याचे, घरी मराठी. व्हॉइस नोट मागवल्या. त्याने काय फरक पडतो?

नेरुळवासी: तिथेच घोळ आहे. व्हॉइस नोट दाबून लहान केलेली असते, स्फोटाची, म्हणजे ओठ सुटतात त्या क्षणाची, कड पुसट होते. न दाबलेली वेव्ह फाइल, ४४,१०० हर्ट्झ, सगळं पुन्हा करा.

खाडीपलीकडे: कड पुसट होईल, पण त्याने ४५ मिलिसेकंद गायब होणार नाहीत. अहो, मोजणी बरोबर दिसतेय! ओठ उघडल्यापासून कंठ थरथरेपर्यंतचा वेळ तुम्ही मोजताय. इंग्लंड-अमेरिकेत 'पिन'च्या प नंतर हवेचा झोत येतो, म्हणून वेळ लांबतो. आपण तिथे सरळ आपला प लावतो. आणि आपल्या ब मध्ये ओठ मिटलेले असतानाच कंठ सुरू होतो, म्हणून उणे. लिस्कर आणि अब्रामसन या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९६४ साली अकरा भाषा मोजल्या, त्यात मराठीही आहे. तो निबंध मार्गदर्शकांसमोर ठेवा.

इंग्लिशगुरू_वाशी: सोपा उपाय. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून 'पेपर' म्हणायचं, पट्टी हलली पाहिजे. महिनाभर रोज केलं की उच्चार सुधारतो. व्ही आणि डब्ल्यूसाठीही माझ्याकडे सराव आहे.

खाडीपलीकडे: त्यांना उच्चार सुधारायचा नाहीये, मोजायचाय. आणि सुधारायचा कशाला? ऐकणाऱ्याला पिन आणि बिन वेगळे कळतात ना?

इंग्लिशगुरू_वाशी: कॉल सेंटरच्या मुलाखतीला बसा, मग कळेल कशाला.

नेरुळवासी: तो वाद दुसऱ्या धाग्यावर घाला. घोडबंदरकर, त्याच मुलांकडून मराठी शब्दही वाचून घेतलेत का?

घोडबंदरकर: नाही. विषय इंग्रजीचा आहे.

नेरुळवासी: मग 'आपला प' हे सिद्ध कसं करणार? काल, खाल, गाल, घाल घ्या, क, ख, ग, घ चारही आयते मिळतात. जोडीला इंग्रजी कार्ड आणि गार्ड, म्हणजे स्वरही जुळतो. प-फ ची जोडी नको, फळ म्हणताना बरेच लोक ओठ मिटतच नाहीत. आणि प, ट, क यांची एकत्र सरासरी काढू नका, क चा वेळ मुळातच जास्त असतो.

खाडीपलीकडे: हे पटलं. रेकॉर्डिंगही नवं करा, तेवढं नेरुळवासींचं खरं.

घोडबंदरकर: आमच्याकडे रस्त्यावर दिवसभर हॉर्न. शांत खोली कुठे मिळेल? आणि बिनच्या आधी स्पेक्ट्रोग्रामवर (प्राटमधल्या आवाजाच्या चित्रावर) तळाला काळी पट्टी दिसते, ती कंठाचीच ना?

कोपरीकाका: कपड्यांचं कपाट उघडून त्याकडे तोंड करून वाचायला लावा, रात्री अकरानंतर.

नेरुळवासी: पट्टी शब्दाच्या बऱ्याच आधीपासून सलग असेल तर ती पंख्याची. कंठाची असेल तर स्फोटाच्या थोडी आधी सुरू होते आणि आवाजाच्या लाटेत एकसारखे छोटे उंचवटे दिसतात. पंखा बंद करून एकाचं 'बिन' घ्या आणि चित्र इथे टाका.