म्यानमारने झॉजी फॉन्ट सोडला, ते योग्यच झालं

शुद्धमती
१ ऑक्टोबर २०१९ पासून म्यानमारने सरकारी पातळीवर युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक देणारं जागतिक मानक, स्वीकारला. तोवर तिथले बहुतेक फोन झॉजी नावाच्या फॉन्टवर चालायचे. हा फॉन्ट क्रमांक युनिकोडचेच वापरायचा, पण स्वतःच्या मनाने. बर्मीत 'ए'ची खूण आपल्या ऱ्हस्व वेलांटीसारखी अक्षराच्या डावीकडे बसते. युनिकोडमध्ये आधी 'क' (१०००), मग खूण (१०३१). झॉजीत दिसतं तसं, आधी १०३१, मग १०००. आपापल्या फॉन्टमध्ये शब्द सारखाच दिसतो, पण शोधायला गेलात तर सापडत नाही. माझ्या मते हा निर्णय फार आधी व्हायला हवा होता.

कानामात्रा
असहमत. लोकांनी झॉजी हौसेने घेतला नव्हता. बर्मी लिपी युनिकोडमध्ये १९९९ साली आली, पण विंडोजमध्ये तिचा फॉन्ट आला विंडोज ८ बरोबर, २०१२ मध्ये. मधली तेरा वर्षं लोकांनी लिहायचं कशात? त्यातच २००८ मध्ये ५.१ आवृत्तीत युनिकोडनेच मांडणी बदलली. य, र, व, ह यांच्या जोडखुणांना स्वतंत्र क्रमांक दिले आणि जुन्या नियमाने टंकलेलं सगळं अशुद्ध ठरलं. पुढे २०१४ मध्ये सिमकार्डं स्वस्त झाली, तेव्हा लोकांच्या हाती पहिला फोन आला तोच झॉजीसकट.

शुद्धमती
सोय झाली ती बर्मी लिहिणाऱ्यांची. म्यानमारमधल्याच मोन, शान, करेन या भाषा लिहिणाऱ्यांचं काय? १०६० हा क्रमांक मोन भाषेतल्या 'ल'च्या जोडखुणेचा. झॉजीने तिथे बर्मीचा पायाखालचा, म्हणजे दुसऱ्या अक्षराखाली लिहायचा, 'क' बसवला. मोन माणसाने आपल्या भाषेत अगदी बिनचूक लिहिलं, तरी झॉजीच्या फोनवर 'ल'च्या जागी 'क' उमटणार. ज्यांच्या भाषांना आधीच कोणी विचारत नाही, त्यांचेच क्रमांक गेले. हे मला सहन होत नाही.

कानामात्रा
झॉजी आला तेव्हा १०६० रिकामा होता. मोनला तो मिळाला २००८ मध्ये.

मोडीप्रेमी
रिकामा होता म्हणून कोणीही बसावं असं नसतं. खासगी वापरासाठी युनिकोडने ६,४०० क्रमांक वेगळे राखून ठेवले आहेत, तिथे जायचं होतं. मराठीतही छपाईसाठीच्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये छापलेला कितीतरी मजकूर असाच अडकून पडलाय. फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो.

पूर्वरंग
दिसतं तसं साठवलं म्हणून काही बिघडत नाही, हे इथे कोणी बोलतच नाहीये. थाई पाहा. त्यांचं टीआयएस-६२० हे मानक टंकलेखन यंत्राच्या क्रमाने चालतं, डावीकडचा स्वर आधी. युनिकोडने तो क्रम तसाच घेतला. चीनमधली नवी ताई लू लिपी आधी 'व्यंजन, मग स्वर' अशी होती. लोक तसं लिहीतच नव्हते, म्हणून २०१५ मध्ये ८.० आवृत्तीत तिचाही क्रम दिसतो तसा केला. एकाच क्रमांकाचे दोन अर्थ झाले, झॉजीची खरी खोट ती.

शुद्धमती
थाईची किंमत कोशात मोजावी लागते. कोश लावतात व्यंजनावरून, त्यामुळे अनुक्रम लावताना संगणकाला दर वेळी स्वर-व्यंजनाची अदलाबदल करावी लागते.

पूर्वरंग
ती संगणकाने करावी की! माणसाने का?

कानामात्रा
अगदी. कंबोडियाच्या ख्मेर लिपीचंही तेच झालं. पायाखालच्या अक्षरांना कंबोडियाला स्वतंत्र क्रमांक हवे होते, युनिकोडने एक अदृश्य जोडचिन्ह दिलं. सरकारने हरकत घेतली, पण दिलेला क्रमांक परत घ्यायचा नाही हा युनिकोडचा नियम. हरकत कागदावरच राहिली. मोनचा मुद्दा मला पटतो, पण म्हणून झॉजीवाल्यांना अडाणी ठरवू नका. २०१९ मध्ये फेसबुकने आपोआप रूपांतर सुरू केलं, तेही मजकूर कोणत्या पद्धतीचा आहे याचा अंदाज बांधूनच. दोन-तीन अक्षरांच्या निरोपात तसा अंदाज बांधायला पुरेसा मजकूरच नसतो, आणि लोकांचे फोन अशाच निरोपांनी भरलेले असतात.