जुनी मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी घेण्यापूर्वी काय तपासावं? नागपूरकरांचा अनुभव धागा

दहा वर्षं जुनी सी-क्लास, थ्री-सीरिज किंवा ए-फोर आज नव्या मध्यम एसयूव्हीच्या पैशात मिळते. अशा गाडीवर जीव जडण्यात काही चूक नाही. पण गाडीची किंमत वयानं उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. बारा लाखांना घेतली तरी हेडलाइट पन्नास लाखांच्या गाडीचाच बसवावा लागतो. आधीच्या मालकानं टाळलेली कामं नव्या मालकाच्या डोक्यावर येतात, आणि व्यवहाराआधी हीच ओळखायची असतात. या गाड्यांवर काम करणाऱ्यांनी, कागदपत्रं आणि विमा बघणाऱ्यांनी इथे लिहावं ही विनंती. नुसतं "मेंटेनन्स फार येतो" नको. कोणता भाग जातो, का जातो आणि कसा ओळखायचा, ते सांगा.

इंजिनकाम, वाडी

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की गाडी रात्रभर बंद पाहिजे, आम्ही येण्याआधी चालू करायची नाही. सकाळी सातला जा आणि बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर परत या. थंड इंजिनाच्या पहिल्या पाच सेकंदांत जे कळतं ते नंतर अर्धा तास चालवूनही कळत नाही. तेलाचा दाब चढला की टेन्शनर ढिल्या टायमिंग चेनला (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारी साखळी) ताणतो आणि आवाज लपतो.

बीएमडब्ल्यूचं दोन लिटरचं एन४७ डिझेल (३२०डी, ५२०डी, एक्स१): टायमिंग चेन इंजिनाच्या मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. २००७ ते २०११ च्या इंजिनांत त्रास सगळ्यात जास्त. चेन लांबते, प्लास्टिकचे गाइड तुटतात, आणि १,५०० ते २,००० आरपीएमला मागच्या बाजूनं खरखर येते. चेन तुटली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. किटपेक्षा मजुरी जड जाते, कारण गिअरबॉक्स उतरवावा लागतो, बरेचदा अख्खं इंजिन. चेन, टेन्शनर, गाइड सगळं एकदम बदला. अर्धं काम करून घेण्यात पैसे दोनदा जातात.

मर्सिडीजचं एम२७१ पेट्रोल (सी२००): चेन पुढे आहे, पण तीही लांबते आणि कॅमशाफ्टच्या गिअरचे दात झिजतात. स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड, स्कॅनवर पी००१६ कोड (क्रँक आणि कॅमशाफ्टची वेळ जुळत नसल्याचा). नुसती चेन टाकून झिजलेले गिअर तसेच ठेवले तर नवी चेनही टिकत नाही.

मर्सिडीजचं व्ही-सिक्स डिझेल, ओएम६४२: ऑइल कूलर दोन्ही हेडच्या मधल्या खोलगट जागेत बसलेला आहे. त्याचे जुने नारिंगी सील उष्णतेनं कडक होतात आणि तेल मागून बेलहाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) उतरतं. बरेच जण त्याला क्रँकचं मागचं सील समजून गिअरबॉक्स उतरवतात. सील स्वस्त आहेत, पण टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्ड काढल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. बदलताना सुधारित, जांभळे सीलच टाका.

ऑडीचं २००८ ते २०११ मधलं टू-लिटर टीएफएसआय (टर्बो पेट्रोल) तेल खातं. पिस्टनच्या रिंगा तेल खरवडत नाहीत, म्हणून. हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत कंपनीच चालवून घेते. त्यापुढे गेलं तर इंजिन उघडणं आलं. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. कोरडी काजळी ठीक, तेलकट काळं लागलं तर किंमत पाडा किंवा गाडी सोडा.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, कामठी रोड

बीएमडब्ल्यूचा झेडएफ कंपनीचा सहा किंवा आठ गिअरचा बॉक्स फार चांगला आहे, पण "लाइफटाइम ऑइल" या शब्दांवर विश्वास ठेवू नका. खुद्द झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. पॅन (तळाचं तेलाचं भांडं) प्लास्टिकचा आणि फिल्टर त्यातच, म्हणून पॅनसकट बदलायचा. बोल्ट अॅल्युमिनिअमचे, तेही नवे.

चुका लेव्हल भरताना होतात. इंजिन चालू ठेवून, तेलाचं तापमान ३० ते ५० अंशांच्या मध्ये असताना प्लगमधून बारीक धार पडेपर्यंत भरायचं असतं. नागपुरात मे महिन्यात दुपारी गाडी आत घेतली तर तेल आधीच त्या मर्यादेबाहेर असतं. फुगलेल्या तेलावर लेव्हल धरली की थंड झाल्यावर ते कमी पडतं. हे काम पहाटेचंच. आणि तेल झेडएफनं सांगितलेलंच. "सगळ्या गाड्यांना चालतं" असं म्हणणाऱ्याकडे ही गाडी देऊ नका.

चालवून बघताना ब्रेक हळूच दाबत गाडी थांबवा. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना मागून ढकलल्यासारखं वाटलं तर नोंद करा. मग आरवरून डीवर टाका. दोन सेकंद थांबून धक्क्यानं गिअर पडला तर मेकॅट्रॉनिककडे (गिअर बदलणारं इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक युनिट) लक्ष. मर्सिडीजच्या सात गिअरच्या ७२२.९ मध्ये स्पीड सेन्सर असलेली प्लेट जाते आणि गाडी लिम्प मोडमध्ये (बचावासाठी मर्यादित चालणं) एकाच गिअरवर अडकते. ऑडीच्या मल्टिट्रॉनिकला (सीव्हीटी गिअरबॉक्स) आणि सात गिअरच्या ओल्या क्लचच्या एस-ट्रॉनिकला (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) ६०,००० किलोमीटरला तेल लागतं. ते बदलल्याचं बिल नसेल तर बदललेलं नाही असंच धरा.

सस्पेन्शन, वर्धा रोड

एअर सस्पेन्शनची गाडी (एस-क्लास, एमएल, जीएल, क्यू७) संध्याकाळी सपाट जागी लावायला सांगा. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेपनं मोजा आणि सकाळी, चालू करण्याआधी, परत मोजा. एक कोपरा बसलेला दिसला तर त्या चाकाचा हवेचा बलून गळतोय. हवा गळली की कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि जळतो. म्हणून नुसता कॉम्प्रेसर नवा असलेली गाडी मला जास्त खटकते. मूळ रोग तसाच असतो.

आपल्याकडच्या सिमेंट रस्त्यांच्या सांध्यांवर खिडक्या बंद करून ४० च्या वेगानं चालवा. कंट्रोल आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यांचे) रबरी बुश गेले असतील तर टक-टक ऐकू येतेच. ए-फोरला पुढे एकेका बाजूला चार आर्म असतात. वरच्या दोन आर्मांचा आडवा बोल्ट अॅल्युमिनिअमच्या नकलमध्ये (चाक धरणारा सांधा) गंजून अडकतो आणि तो काढताना नकलच तुटू शकते. अंदाज घेताना हे मेकॅनिकला आधीच विचारा.

ऑटो इलेक्ट्रिशियन, सक्करदरा

सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, हे सगळ्यांना आठवत असेल. बुडालेली गाडी धुऊन पुसून चकाचक होते. या गाड्यांत तर कंट्रोल मॉड्यूल सीटखाली, गालिच्याखाली आणि डिकीच्या बाजूला असतात, त्यामुळे नुसतं घोट्याइतकं पाणीही पुरतं. आज सगळं चालतं. सहा-आठ महिन्यांनी पिनांवर हिरवट गंज चढतो आणि रोज नवा लाइट पेटतो.

बघायचं असं. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, गुंडाळलेल्या टोकाला गढूळ रेघ असते. सीटखालची पिवळी एअरबॅग प्लग काढायची नाही, टॉर्च मारून सीटच्या रुळांवर आणि बोल्टांवर गंज बघायचा. दाराच्या चौकटीची पट्टी काढून गालिचा उचला आणि खालचा फोम मुठीत दाबा. वरून कोरडा, आतून ओला असतो. डिकीत स्टेपनीचा खड्डा बघा. बऱ्याच बीएमडब्ल्यूंत बॅटरी डिकीतच असते, तिच्याखालीही.

पाणी नेहमी पुराचंच असतं असंही नाही. सनरूफच्या चार कोपऱ्यांतल्या नळ्यांत धूळ आणि कडुनिंबाचा पाला अडकला की पावसाचं पाणी खांबातून थेट गालिच्याखाली जातं. सनरूफ उघडून कोपऱ्यातल्या खाचेत अर्धा ग्लास पाणी सावकाश ओता आणि ते चाकाजवळ बाहेर पडतं का बघा.

बॅटरीबद्दल एक. एजीएम (सीलबंद, जास्त टिकाऊ प्रकारची) बॅटरी बदलल्यावर बीएमडब्ल्यूत ती गाडीला स्कॅनरनं नोंदवून सांगावी लागते. साधी बॅटरी तशीच टाकली तर चार्जिंग जुन्या हिशोबानं चालतं आणि ती लवकर मरते. बॅटरी अशक्त असली की खोटे फॉल्ट येतात. म्हणून स्कॅन करण्याआधी व्होल्टेज बघा: बंद गाडीत १२.५ च्या आसपास, चालू असताना १४ च्या आसपास.

स्कॅन आणि मीटर

साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला लावून कोड वाचणारं यंत्र) सहसा फक्त इंजिन वाचतो. बीएमडब्ल्यूला इस्टा, मर्सिडीजला झेंट्री, ऑडीला व्हीसीडीएस किंवा ओडिस हे त्या-त्या गाडीचं सॉफ्टवेअर लावा. मीटर मागे केलेला असेल तरी किलोमीटरची नोंद इतर मॉड्यूलमध्येही राहते, आणि फॉल्टसोबतही राहते. मीटर ६८,००० दाखवतो आणि जुना फॉल्ट १,१०,००० ला पडलेला दिसतो, तर बोलणं तिथेच संपलं. सगळं कोरं दिसणंही चांगलं नाही. रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या) "अपूर्ण" असतील तर कोड नुकतेच पुसलेत.

कागदपत्रं, गिरीपेठ

स्वस्त गाडी बरेचदा दिल्लीची असते, तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोलवर आलेल्या निर्बंधांमुळे. पैसे देण्याआधी परिवहनच्या साइटवर नोंदणी चालू आहे की रद्द, ते बघा. मग फॉर्म २८ ची एनओसी (ना-हरकत दाखला), आणि मालकी बदलाचे २९ आणि ३०. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५. एनओसीवर चेसिस नंबर अक्षर-अक्षर जुळवा. महाराष्ट्रात आणल्यावर रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो आणि तो तुम्ही दिलेल्या किमतीवर नाही, मूळ किमतीवरून वयाप्रमाणे कमी करून काढतात. हा आकडा आधी काढून घ्या, मग "स्वस्त" म्हणा. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ असेल तर फिटनेस, नूतनीकरण आणि पर्यावरण कर हेही जोडा.

विमा सर्व्हेअर, धरमपेठ

नाव बदलल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, फरक भरावा लागतो. इतक्या जुन्या गाडीला झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) सहसा मिळत नाही, आणि साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबरच्या भागांवर ५० टक्के कपात होते. या गाड्यांचा बंपर आणि हेडलाइट प्लास्टिकचाच. पाण्यात बंद पडलेली गाडी सेल्फ मारून चालू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी ओढलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकला तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही.

प्रश्न, मनीष नगर

दादा, आमचं रोजचं फिरणं दहा-बारा किलोमीटर, महिन्यातून एकदा समृद्धीनं संभाजीनगर. डिझेल घ्यावी का? आणि उन्हाळ्यात काय सांभाळायचं?

इंजिनकाम, वाडी

भाऊ, एवढ्या रपेटीला पेट्रोल बरं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेलं डिझेल गावातल्या छोट्या फेऱ्यांत काजळी जाळू शकत नाही, फिल्टर चोंदतो.

उन्हाळ्यासाठी कूलिंग आधी बघा. एक्स्पान्शन टँक, थर्मोस्टॅटचं घर, पाइपांची तोंडं प्लास्टिकची आहेत. दहा वर्षांत ती ठिसूळ होतात. बऱ्याच बीएमडब्ल्यूंच्या पॅनेलवर पाण्याच्या तापमानाचा काटाच नाही, इशारा येतो तेव्हा उशीर झालेला असतो. घेण्याआधी दुपारी एसी पूर्ण लावून वीस मिनिटं जागेवर चालू ठेवा आणि स्कॅनरवर तापमान बघत राहा. आकडा चढतच गेला तर पंप, थर्मोस्टॅट किंवा पंखा. कूलंटमध्ये बोअरचं पाणी घालू नका, डिस्टिल्ड वॉटर आणि कंपनीचं कूलंट निम्मं-निम्मं.

समृद्धीवर जाण्याआधी टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, सहा वर्षांवरचं टायर त्या सिमेंटवर, त्या उन्हात १२० ला नेऊ नका. गाडी रनफ्लॅटवर (पंक्चर झालं तरी थोडं चालणारे टायर) असेल तर डिकीत स्टेपनी नसते, हेही घेण्याआधी बघून ठेवा.