थंडीत गाडीत राहायचंय, पण गाडी आतून गळतेय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही दोघं, मी आणि बायको, राहणार गुहागर. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन सीटा काढल्या, बेड, ओटा, पाण्याची टाकी सगळं गावच्या सुताराकडून करून घेतलं. वेळणेश्वर, हेदवी, जयगड असा पुष्कळ मुक्काम केला, तिथे पंखा असला की झालं. आता जानेवारीत मनालीजवळ एका ओळखीच्यांच्या सफरचंदाच्या बागेत महिनाभर गाडी लावायचा बेत आहे (आंबा सुरू व्हायच्या आत परत यायलाच हवं).

ट्रायल म्हणून गेल्या आठवड्यात दापोलीला दोन रात्री काढल्या, कारण आमच्याकडे थंडी ती दापोलीतच. काचा सगळ्या बंद करून झोपलो आणि पहाटे तोंडावर थेंब! मला वाटलं टप गळतोय, पण बाहेर सगळं कोरडं. छताच्या पत्र्याला घाम, गादी उचलली तर खालचा प्लाय ओला आणि कोपऱ्यात काळी बुरशी. दापोलीत ही गत तर शून्याखाली काय होणार? टपाला आतून फोम लावलाय, पण मधल्या लोखंडी पट्ट्या उघड्याच आहेत.

दुसरं म्हणजे गॅस. घरचाच सिलिंडर नेणार होतो, पण त्यात ब्युटेन असतो आणि शून्याच्या आसपास तो नीट वाफ धरत नाही म्हणतात, खरंय का? मग शेगडीवरच गाडी गरम करायची आयडिया बाद ना?

प्रतिसाद १
बादच करा, आणि गॅस चालला असता तरी बादच. बंद गाडीत शेगडी किंवा कोळसा पेटवून झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळायच्या आत माणूस जातो. त्याचा अलार्म मिळतो तो आधी लावा. डिझेल हीटर बघा, तो जळायला हवा बाहेरून घेतो आणि धूरही बाहेरच सोडतो. आणि ते पाणी तुमच्याच श्वासाचं आहे, वर गॅस जळतानाही वाफ होते. छताचं झाकण दोन बोटं उघडं ठेवा, उघड्या पट्ट्या झाका, गादीखाली हवा खेळू द्या. बॅटरी लिथियम असेल तर आतच ठेवा, शून्याखाली गार पडली असताना चार्ज केली की खराब होते.

धागाकर्ता
आभारी आहे. गादीखाली काथ्याची चटई टाकतो, घरात दोन पडून आहेत. झाकण उघडं ठेवायचं म्हटल्यावर बायको म्हणते, मग गाडी कशाला नेताय, बागेतच अंथरूण घालू. हीटरच्या धुराची नळी ट्रॅव्हलरला कुठून काढलीय कोणी? फोटो असेल तर टाका प्लीज, सुताराला नुसतं सांगून कळत नाही.