सल्ला हवा: मागे पडलेले मराठी चित्रपट आणि त्यांतील न विसरता येणाऱ्या भूमिका

ओसरी

नमस्कार. दर रविवारी दुपारी आई आणि मी घरी एक मराठी चित्रपट पाहतो. 'श्वास', 'नटसम्राट', 'सैराट' ही सर्वांना ठाऊक असलेली नावे पाहून झाली आहेत. आता असे चित्रपट हवे आहेत, जे आमच्यापर्यंत कधी पोहोचलेच नाहीत, पण ज्यांतील एखादी भूमिका पुढे आठवडाभर मनातून जात नाही. आईचे वय शहात्तर आहे. संथपणाची तिला अडचण नाही, रक्तपात मात्र नको. आणखी एक सांगते. माझ्या आजीला अखेरच्या वर्षांत स्मृतिभ्रंश झाला होता आणि तिचे सगळे आईनेच केले. हा विषय टाळावा की पाहावा, हेही जाणकारांनी सांगावे.

तिसरी_घंटा

ओसरी, मी गेली पंधरा वर्षे चित्रपटांवर लिहितो आहे, आणि नेमका हाच प्रश्न कुणीतरी विचारावा असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

पहिले नाव सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'चे. संस्कृतचे विद्वान चक्रपाणी शास्त्री यांची स्मृती विरत चालली आहे. मुलगी त्यांना थोडा वेळ गाडीत बसवून जाते, तेवढ्यात रस्त्यावरून हत्ती जाताना दिसतो आणि शास्त्रीबुवा त्याच्यामागे चालू लागतात. डॉ. मोहन आगाशे यांच्या शास्त्रींचे कौतुक झाले आणि ते रास्तच आहे, परंतु माझी विनंती आहे की तुम्ही अमृता सुभाष यांच्या चन्नम्माकडे पाहावे. माहुताची ही कानडी बायको. शास्त्री कोण होते, त्यांची विद्वत्ता किती मोठी होती, यातले तिला काहीच ठाऊक नाही. घरच्यांना त्यांच्याकडे पाहताना पूर्वीचा माणूस आठवत राहतो आणि म्हणून त्रास होतो. चन्नम्मासमोर मात्र केवळ भुकेलेला, थकलेला एक म्हातारा आहे. तो तिला आई समजू लागतो, तेव्हा ती त्याला दुरुस्त करत बसत नाही. हे सारे अमृता सुभाष हातांच्या हालचालींतून आणि आवाजाच्या चढउतारांतून उभे करतात. २०१३ या वर्षासाठीचा सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना याच भूमिकेसाठी मिळाला, तरीही हा चित्रपट पाहिलेली माणसे मला क्वचितच भेटतात आणि त्याचे मनापासून वाईट वाटते.

दुसरा सतीश मन्वर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९). विदर्भात शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर, आपला नवराही तसेच काही करील या धास्तीने अलका त्याच्यावर मुलाची आणि सासूची पाळत बसवते. सोनाली कुलकर्णी यांनी ती धास्ती संसाराच्या रोजच्या कामांत अशी मिसळली आहे की काळजी कुठे संपते आणि प्रेम कुठे सुरू होते ते कळत नाही. सासू झालेल्या ज्योती सुभाष याही विसरू नका. उमेश कुलकर्णी यांच्या 'विहीर'मध्ये त्या आजी आहेत, आणि दोन म्हाताऱ्या एकमेकींपासून किती वेगळ्या असू शकतात ते लागोपाठ पाहिल्यास उमगते. (त्या अमृता सुभाष यांच्या आई.)

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मधील सरकारी वकील, म्हणजे गीतांजली कुलकर्णी, हेही नाव घ्यायलाच हवे. कायद्याची कलमे एका सुरात वाचणारी ही बाई संध्याकाळी लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागते, आणि तिचा राग करावा तरी कसा, हे आपल्याला सुचेनासे होते.

केवड्याचे_बन

वरील यादीत मी १९७१ च्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'ची भर घालीन. दिग्दर्शन सत्यदेव दुबे यांचे, छायाचित्रण गोविंद निहलानी यांचे, आणि सुलभा देशपांडे यांची बेणारे. त्यांनी ही भूमिका रंगभूमीवरही केली होती, पण पडद्यावर कॅमेरा चेहऱ्याच्या इतका जवळ येतो की खेळ म्हणून सुरू झालेल्या खटल्यातील एकेक प्रश्न त्यांना कुठे लागतो ते स्पष्ट दिसते.

'गाभ्रीचा पाऊस'मधील वऱ्हाडी बोली कानाला नवी असेल, तर पहिली दहा मिनिटे आवाज थोडा वाढवून ठेवावा.

दुपारची_सावली

मी सासऱ्यांची याच आजारात सहा वर्षे शुश्रूषा केली. 'अस्तु' टाळू नका, परंतु आईंना कथा आधी सांगा आणि पाहायचे की नाही ते त्यांनाच ठरवू द्या. मुलीची ओढाताण मला शास्त्रींच्या अवस्थेपेक्षा अधिक जड गेली. इरावती हर्षे यांनी ती फार प्रामाणिकपणे केली आहे.

ओसरी

सर्वांचे आभार. सावलीताईंनी सांगितल्याप्रमाणे कथा आधी सांगितली. आई म्हणाली, लाव. चन्नम्मा शास्त्रींना सांभाळते तिथे तिने चित्रपट थांबवायला सांगितला आणि बराच वेळ आजीबद्दल बोलत राहिली; अखेरीस आजी तिलाही आई म्हणत असे, हे मला आजवर माहीत नव्हते. उरलेला भाग आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिला. येत्या रविवारी 'गाभ्रीचा पाऊस' लावणार आहे.