‘वैविध्यपूर्ण उंदीर’ आणि ‘स्मृतिपेशी’

प्रश्न : ‘जनुकीयदृष्ट्या वैविध्यपूर्ण उंदरांमधील विषाणूविरोधी स्मृतिपेशी’ असा शब्दप्रयोग वाचला. वैविध्य एकेका उंदरात असतं की उंदराउंदरांत? आणि स्मृतिपेशी मेंदूतल्या का?

प्रतिसाद : मेंदूतल्या नाहीत. संसर्ग आटोक्यात आला की लढलेल्या बहुतेक टी-पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) मरतात. ज्या थोड्या उरतात आणि तोच विषाणू पुन्हा आल्यास झपाट्याने वाढतात, त्या स्मृतिपेशी. काही रक्तातून फिरतात, काही फुप्फुसासारख्या अवयवातच मुक्काम ठोकतात.

वैविध्य मात्र उंदराउंदरांतलं, म्हणून ‘वैविध्यपूर्ण उंदीर’ मला खटकतं. प्रयोगशाळेतला नेहमीचा काळा उंदीर हा सख्ख्या बहीण-भावांच्या २० हून अधिक पिढ्यांच्या प्रजननातून आलेला वाण. त्यातले सगळे उंदीर जवळपास जुळ्या भावंडांसारखे. अशा एकाच वाणावर तपासलेली गोष्ट सरसकट सगळ्यांना लावणं धोक्याचं.

प्रश्न : मग ‘संकरित उंदीर’ चालेल?

प्रतिसाद : नाही चालणार. असे दोन शुद्ध वाण एकत्र आणले, तर पहिली पिढी संकरितच, पण आपसांत पुन्हा एकसारखी!

खरं वैविध्य हवं म्हणून ‘कोलॅबोरेटिव्ह क्रॉस’ या उंदरांच्या वाणसंचात ८ मूळ वाण मिसळले. त्यांतले ३ रानटी उंदरांपासून आलेले. नंतर पुन्हा अंतःप्रजनन (म्हणजे बहीण-भावांतलं प्रजनन) करून नवे वाण स्थिर केले. वाणाच्या आत सारखेपणा, वाणावाणांत फरक. त्यामुळे एकाच वाणाचे काही उंदीर संसर्गानंतर आठवड्याभराने आणि काही दोन महिन्यांनी तपासून किती स्मृतिपेशी टिकल्या ते मोजता येतं. ‘डायव्हर्सिटी आउटब्रेड’ उंदीरही त्याच ८ वाणांचे, पण तिथे अंतःप्रजनन टाळतात. प्रत्येक उंदीर वेगळा, तोच पुन्हा मिळत नाही. पहिल्यांना ‘भिन्न वाणांचे उंदीर’ आणि दुसऱ्यांना ‘बहिःप्रजनित उंदीर’ म्हणावं.

प्रश्न : जनुकांमुळे स्मृतीत फरक पडतो, म्हणजे स्मृती पिल्लांकडे जाते?

प्रतिसाद : नाही. स्मृतिपेशी त्या उंदराबरोबरच संपतात. टी-पेशीला विषाणूचा तुकडा दिसतो तो शरीराच्या स्वतःच्या प्रथिनावर मांडलेला. उंदरात या प्रथिनांच्या जनुकसमूहाला एच-२ म्हणतात आणि तो वाणागणिक बदलू शकतो. त्यामुळे विषाणू एकच असला तरी कोणत्या तुकड्याविरुद्ध स्मृती घडेल ते बदलतं. वारसा मिळतो तो या जडणघडणीचा. म्हणून ‘आनुवंशिक स्मृती’ लिहू नये, ‘स्मृती घडण्यातला आनुवंशिक फरक’ लिहावं. लांबतं खरं, पण अर्थ बिघडत नाही.